चंद्रीने नापास केलेलं विमान

जिनाचा भोंगा वाजला की आमच्या घरात दिवस उगवायचा. सूर्य त्यानंतर. अम्मा तोंडाला फडकं बांधायची आणि वाशीमच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला निघायची. कापसाचा हंगाम असेपर्यंत रोज. परत यायची तेव्हा भुवया, पापण्या, कपाळावरचे केस, सगळं पांढरं. खोकली की तिच्या फडक्यावर रुईचे तंतू दिसायचे. अब्बा नालबंद. बैलांच्या खुरांना नाल ठोकायचे. एका बैलाच्या लाथेने त्यांचा गुडघा कायमचा वाकडा करून टाकला होता, त्यामुळे मोठे बैल आडवे पाडायचं काम त्यांनी सोडलं होतं. आणि मोठे बैल सोडल्यावर नालबंदाकडे राहतं काय?

या घरातून मी बी.एस्सी. झालो. हे मी पुढे आणखी एकदा तरी सांगणार आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं. माझ्याआधी आमच्या खानदानात शिकलेला माणूस म्हणजे माझे मामू. त्यांना दुकानांवरच्या पाट्या वाचता यायच्या, त्याही मोठ्या अक्षरांतल्या.

बी.एस्सी.नंतर मी एका फ्लाइंग क्लबाच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या गोठ्यात, उमेदवारी केली आणि ग्राउंड इंजिनिअरचं लायसन काढलं. ग्राउंड इंजिनिअर म्हणजे असा माणूस, जो विमान उडवत नाही, पण ज्याच्या सहीशिवाय विमान उडत नाही. त्याच क्लबात इंझोरीचे आबासाहेब विमान शिकायला येत. मोठे जमीनदार, मोठ्या मिशा, मोठा आवाज. त्यांना ए लायसन मिळालं, म्हणजे स्वतःच्या हौसेपुरतं विमान चालवायचा परवाना. परवाना मिळाला म्हटल्यावर विमान पाहिजे, आणि विमान म्हटल्यावर इंजिनिअर पाहिजे. त्यांनी मला उचललं.

"पण पसंतीवर," ते म्हणाले. "इमान येऊ दे. तुह्या हातचं चाललं, त पक्का. नाही चाललं, त बापाच्या हाताखाली नाल ठोक."

घरी येऊन मी अम्माला सांगितलं की नोकरी लागली.

"पक्की?"

"विमान आलं की पक्की."

"मंग इमान येऊ दे," अम्मा म्हणाली. "तवरोक मी जीन सोडत नाही."

ही गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीची. तेव्हा इंझोरीच्या माणसांनी विमान पाहिलं होतं ते फार उंचावरून जाणारं, तेही एखाद्या वेळी. आबासाहेबांनी मुंबईच्या एका एजंटला कळवलं. त्याच्याकडे दोन विमानं विकायला होती, दोन्ही दोन-तीन माणसांची. एक वरच्या पंखाचं, एक खालच्या पंखाचं.

हा फरक आधी सांगतो. विमानाला जिथे माणसं बसतात त्या डब्याच्या छतावर पंख बसवला असेल तर ते वरच्या पंखाचं. डब्याच्या बुडाला बसवला असेल तर खालच्या पंखाचं. पहिलं म्हणजे छत्री धरून चाललेला माणूस. दुसरं म्हणजे पाटावर मांडी घालून बसलेला. उडतात दोन्ही. कोणतं चांगलं, यावर मी क्लबात माणसांना जेवणं सोडून भांडताना पाहिलं आहे.

आबासाहेबांनी न बघताच ठरवलं होतं. त्यांना खालच्या पंखाचं पाहिजे होतं. त्याचं चित्र त्यांनी कुठल्याशा मासिकात पाहिलं होतं.

"थे ससाण्यासारखं दिसते," ते म्हणाले. "अन् हे दुसरं? हे त कोंबडी पंख पसरून पिलांवर बसली."

"आबासाहेब, दिसण्यावर जाऊ नका. उतरवायचं कुठे ते ठरलं का?"

"आखरावर."

आखर म्हणजे गावाबाहेरची ती मोकळी जागा, जिथे सकाळी गावभरची गुरं जमतात आणि गायकी त्यांना चरायला नेतो. संध्याकाळी तिथेच परत येतात, आणि मग आपापल्या घरी जातात. इंझोरीचं आखर सपाट होतं, खुरांनी तुडवून टणक झालेलं, एकही ढेकूळ नाही. धावपट्टीसाठी त्याहून चांगली जागा मीही दाखवली नसती. विमान आलं की गुरं दुसरीकडे जमतील, असं आबासाहेबांनी गृहीत धरलं होतं. गुरांना हे कोणी कळवलं नव्हतं.

विमानं आली ती सकाळी, गुरं चरायला गेल्यावर. एजंटचं नाव फिरोजशेट. पांढरी पाटलोण, डोळ्यांवर काळा चष्मा, बोलणं मुंबईचं. खालच्या पंखाचं विमान त्यांनी स्वतः आणलं, दुसरं त्यांच्या पायलटने. सगळं गाव आखराच्या कडेने बसलं होतं. विमानं थांबली तसे लोक पुढे आले आणि सरळ वरच्या पंखाखाली जाऊन सावलीत बसले. कोणीतरी पानाची चंची काढली.

"देखो साहेब," फिरोजशेट म्हणाले, "वो पब्लिकचा मंडप आहे. हे माझं, हे रेसची घोडी आहे."

घोडीवर चढायचं तर आधी पंखावर चढावं लागतं. खालच्या पंखावर डब्याजवळ एक काळी पट्टी असते. पाय तिच्यावरच ठेवायचा. पुढचा भाग पातळ लाकडाचा आणि मागचा नुसता कापडाचा, तिथे पाय ठेवला तर तो आरपार जातो. आबासाहेब धोतर सावरत चढले. मी खालून ओरडत होतो, "काळ्यावर, आबासाहेब, काळ्यावर!" गावातला एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "पाह्य, नालबंदाचं पोट्टं मालकाले चालनं शिकवून राह्यलं."

आबासाहेब फिरोजशेटबरोबर वर जाऊन आले. चेहरा नुसता फुलला होता. चूक नव्हती त्यांची. खालच्या पंखाच्या विमानात डोक्यावर काही नसतं, सगळं आकाश आपलं. आणि वळताना विमान ज्या बाजूला कलतं त्या बाजूचा पंख खाली जातो, म्हणून जिकडे वळायचं तिकडचं स्वच्छ दिसतं. वरच्या पंखाच्या विमानात नेमका तोच पंख डोळ्यांपुढे पडद्यासारखा येतो. हे मी त्यांना खरंखरं सांगितलं. मला कोणतंही विमान विकायचं नव्हतं.

मग काकीसाहेब पुढे झाल्या. आबासाहेबांच्या पत्नी. घरातला व्यवहार आबासाहेब बोलत आणि काकीसाहेब करत.

"मले बी बसवा. मले शेत पाह्यचं हाय वरून."

आधी खालच्या पंखाचं. नऊवारी लुगड्यात पंखावर चढायचं म्हणजे दोन बायांनी दोन बाजूंनी काठ धरले, आणि मी पुन्हा "काळ्यावर, काळ्यावर". खाली आल्या त्या रागातच.

"काय दिसलं?" आबासाहेबांनी विचारलं.

"पंख."

"अन् शेत?"

"पंखाखाली असंन. एवढा कारभार करून मले पंखच दाखवाचा होता, त घरीच दाखवाचा. कोंबड्या हायेत आपल्या."

मग वरच्या पंखाचं. त्याचं दार रस्त्यावरच्या मोटारीसारखं, जमिनीवरून पाय टाकला की आत. परत आल्या त्या विमान पुरतं थांबायच्या आधीच बोलत होत्या.

"गनपतच्या म्हशी आपल्या तुरीत चरून राह्यल्या! दोन! अन् आपला रखवाला बांधावर पसरला हाय, तोंडावर दुपट्टं घेऊन!"

माणसं धावली. म्हशी खरंच तुरीत होत्या. रखवालदार खरंच झोपला होता. विमानाने माणसाला झोपेत पकडल्याची वऱ्हाडातली ती पहिलीच वेळ असावी. गणपत नंतर बरेच दिवस वर बघत बघत चालायचा.

शेतकऱ्याला विमानातून खालीच बघायचं असतं, म्हणून पंख डोक्यावर असलेला बरा. मी हे बोलणार तेवढ्यात आबासाहेब म्हणाले, "खालच्या पंखाचं आता मी एकटा उतरवतो."

आणि इथे मी घाबरलो. खालच्या पंखाची एक खोड आहे. जमिनीच्या अगदी जवळ आलं की पंख आणि जमीन यांच्यामध्ये हवा दाबली जाते, तिची जणू गादी होते. विमान त्या गादीवर तरंगत राहतं, टेकायला मागत नाही. वेग जरा जास्त असला तर ते तसंच पुढे, पुढे जातं. वरच्या पंखाचंही थोडं जातं, पण त्याचा पंख जमिनीपासून उंच, म्हणून गादी पातळ. मोठ्या एरोड्रोमवर यात बिघडत नाही. आखराच्या टोकाला नाला होता आणि नाल्याच्या काठाला बाभळी.

आबासाहेब आले. विमान तरंगायला लागलं. लोकांच्या समोरून गेलं, तरंगत. आखराच्या कडेच्या मारुतीसमोरून गेलं, तरंगत. बायांनी डोळ्यांवर हात घेतले. शेवटी ते टेकलं आणि थांबलं तेव्हा त्याच्या नाकापुढे बाभळीची एक फांदी हलत होती.

आबासाहेब उतरले, मिशांवरून हात फिरवला. "किती मऊ उतरलं, पाह्यलं?"

"साहेब, गादीवर उतरलं, गादीवर!" फिरोजशेट म्हणाले.



दुपारी ओसरीवर पंगत उठल्यावर सौदा सुरू झाला. आबासाहेब खालच्या पंखावर ठाम. फिरोजशेटने तेव्हा खिशातली शेवटची गोष्ट काढली. या विमानाबरोबर कंपनीचा स्वतःचा इंजिनिअर येणार. मुंबईचा, अनुभवी. पहिली दोन वर्षं तोच पाहणार.

"मग मी?" मी विचारलं.

"तुम्ही शिकलेले आहात," फिरोजशेट गोड आवाजात म्हणाले. "कुठेही काम मिळेल."

आबासाहेब माझ्याकडे न पाहता सुपारी कातरू लागले. मला अम्माचं फडकं दिसलं, पांढरं झालेलं.

मी म्हणालो, "आबासाहेब, तुमी मले एक सवाल इचारा." रागावलो की माझं बी.एस्सी. उतरतं आणि वऱ्हाडी वर येते.

"काय?"

"हे इमान दिवसातून किती वेळ उडणार?"

"एखांदा तास. हौस हाय, धंदा थोडीच."

"मंग बाकीचा वेळ थे कोठी राह्यणार?"

"आखरावर. हँगर बांधू पुढच्या साली."

"अन् सांजच्याले आखरावर कोण येते?"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग मी समजावलं. विमानाच्या कापडावर डोप नावाचं द्रव्य लावतात. लाखेसारखं, गोडसर उग्र वासाचं. त्याने कापड ढोलासारखं ताणून बसतं. गुरांना ते फार आवडतं. का आवडतं, कोणाला माहीत. क्लबातलं एक विमान एकदा इंजिन बंद पडून शेतात उतरलं होतं. पायलट गावात चहा प्यायला गेला, परत आला तर एक गाय शेपटीचं कापड चघळत उभी. ती शेपटी मी स्वतः नवं कापड लावून दुरुस्त केली होती. वरच्या पंखाचा पंख गायीच्या तोंडाला पोचत नाही. खालच्या पंखाचा तिच्या गव्हाणीइतकाच उंच.

फिरोजशेट एवढे हसले की चष्मा पुसावा लागला. "गाय प्लेन खाती है? साहेब, ये छोकरा आपको बैल समझता है."

आबासाहेबांच्या मिशा हलल्या. हे वाक्य फिरोजशेटला महागात पडणार होतं.

"मग आज सांजेले पाहू," मी म्हणालो. "दोन्ही विमानं आखरावरच राहू द्या. कुंपणाला बाभळीचे काटे मी देतो."

"काटे? माझ्या नव्या पेंटला?" फिरोजशेट म्हणाले. "हात नाय लावायचा. आणि गायीने तोंड लावलं ना, तर माझा इंजिनिअर मुंबईलाच राहील. साहेब, मग पाहिजे ते विमान घ्या आणि हा पोरगाही ठेवा."

"अन् नाही लावलं त?" आबासाहेबांनी विचारलं.

"तर हा पोरगा उद्या माझ्याबरोबर येतो, त्याला मी वाशीमला सोडतो. विमानातून. फुकट."

ओसरी हसली. मीही हसलो. आतून नाही.

वरच्या पंखाच्या विमानालाही शेपटी असते, आणि ती जमिनीजवळच असते. तिच्याभोवती मी काटे रचले. एक भारा पुरला. खालच्या पंखाच्या विमानाला कुंपण करायचं तर पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुढे, मागे, गाडीभर काटे लागले असते. कोणत्याही पुस्तकात न छापलेला हा फरक मी आबासाहेबांना भारा दाखवून सांगितला. ते "हं" म्हणाले.

दिवस कलला. धूळ उठली, घंटा ऐकू आल्या. गुरं आली.

आली आणि थबकली. आखराच्या तोंडाशी सगळी उभी, कान पुढे. ही दोन जनावरं त्यांनी कधी पाहिली नव्हती. गायकीने काठी आपटली तरी एकही पुढे येईना. काही गुरं सरळ घरांकडे वळली.

"देखो!" फिरोजशेट म्हणाले. "गायीला अक्कल आहे."

गाय आधी बुजते हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. नालबंदाच्या घरात वाढून हे विसरायचं म्हणजे कमालच. आखराचं तोंड रिकामं व्हायला लागलं. फिरोजशेट मला विचारू लागले की वाशीमला तुमच्या घराजवळ मोकळी जागा आहे का.

तेवढ्यात चंद्री आली. काकीसाहेबांची गाय, कपाळावर पांढरा चांद. तिला काकीसाहेब स्वतःच्या हाताने भाकरी भरवत. त्यामुळे जगात जे काही समोर ठेवलेलं असतं ते आपल्यासाठीच ठेवलेलं असतं, असं तिचं पक्कं मत होतं. ती कोणालाही बुजत नसे. कळपातून एकटी निघाली, सरळ खालच्या पंखापाशी गेली, वास घेतला आणि पंखाची मागची कड चाटली.



पुन्हा चाटली. मग तोंडात धरली आणि मान झटकली. पदर फाटल्यासारखा आवाज झाला.

"अरे! अरे!" फिरोजशेट धावले. चंद्रीने वळूनही पाहिलं नाही. हातभर पट्टी तिच्या तोंडातून लोंबत होती आणि ती शांतपणे चघळत होती. हे पाहिल्यावर बाकीच्यांची भीड चेपली. गुरं आली. एक गोऱ्हा पंखाच्या टोकाला लागला. दोन गाई दुसऱ्या बाजूने. एका म्हाताऱ्या बैलाने वरच्या पंखाच्या विमानालाही हेरलं, वर पाहिलं, तोंड पोचेना, तेव्हा त्याने पंखाच्या आधाराच्या दांड्याला मान घासली आणि निघून गेला.

"हटाव! हटाव!" फिरोजशेट पांढऱ्या पाटलोणीतच गुरं हाकत होते. गायकी काठीवर हनुवटी टेकून उभा होता.

"काहून हाकलत नाही रे?" आबासाहेब ओरडले.

"मालक, मी त चारायले नेतो. खाऊन राह्यली त मधात कायले येऊ?"

काकीसाहेब धावत आल्या. "चंद्रे! सोड व! सोड, माय!" मग फिरोजशेटकडे वळल्या. "काय लावलं हाय या कापडाले? माह्या गायीच्या पोटात काही झालं त?"

"बाई, माझं प्लेन!"

"तुमचं इमान लाकडाचं हाय. माही गाय जित्ती हाय!"

विकायला आणलेलं विमान गायीने खाल्लं आणि वर फिरोजशेटनाच गायीची माफी मागावी लागली. त्यांनी मागितली. आबासाहेब मिशांत हसत होते.

"काय फिरोजशेट," ते म्हणाले, "बैल कोण समजून राह्यलं होतं कोणाले?"

सकाळी चंद्री ठणठणीत होती. नेहमीइतकंच दूध दिलं. त्याच दुधाचा चहा काकीसाहेबांनी फिरोजशेटसमोर ठेवला. त्यांनी कप नाकाशी नेला आणि विचारलं, "डोपचा वास येतो का?"

"प्या गुमान," काकीसाहेब म्हणाल्या. "तुमचंच हाय."

त्यांना मुंबईला परत जायचं होतं आणि पंख फाटलेला. कापड माझ्या पेटीत होतं, डोपही होतं. मी बसलो. फाटलेल्या कडा कापल्या, वाकड्या सुईने टाके घातले, वरून ठिगळ चिकटवलं, डोपचे हात दिले, वाळू दिलं, पुन्हा दिले. फिरोजशेट सगळा वेळ शेजारी उभे होते. अनुभवी माणूस होता, काम ओळखत होता. शेवटी मी सही केली तेव्हा त्यांनी ठिगळावर बोटाने टिचकी मारली. ढोलासारखा आवाज आला.

"तुम्ही मुंबईला या," ते म्हणाले. "तिथे गाय नाही."

"इथे तुमचं विमान नाही," मी म्हणालो. "मी इथेच बरा."

त्यांनी हात पुढे केला. नंतर मला कळलं की ते मुंबईत गिऱ्हाइकांना सांगायचे, खेड्यात ठेवणार असाल तर वरच्या पंखाचं घ्या. हा शोध त्यांनी स्वतः लावला होता म्हणे.

आबासाहेबांनी वरच्या पंखाचं घेतलं. ते निर्दोष होतं असं मी म्हणणार नाही. पेट्रोल भरायला शिडी लागायची. मात्र टाकी वर असल्यामुळे पेट्रोल आपल्या वजनानेच इंजिनात उतरायचं, पंपाची कटकट नव्हती. आबासाहेब वळताना पंख आडवा आला की शिव्या द्यायचे, आणि शिव्या पुढच्या वळणापर्यंत पुरायच्या. चिमण्यांनी पंखात घरटं केलं. तो म्हातारा बैल रोज येऊन दांड्याला मान घासायचा, शेवटी मी त्या दांड्यालाही काटे बांधले. लोक सावलीला बसायचे ते बसतच राहिले. शेलूबाजारच्या बाजाराला जाणारी माणसंसुद्धा वाट वाकडी करून पंखाखाली टेकून जात.

मी या धंद्यात पुढे पुष्कळ विमानं पाहिली. कोणता पंख चांगला, असं अजूनही लोक मला विचारतात, कारण मी बी.एस्सी. आहे आणि लायसनवाला आहे. मी त्यांना वेग विचारत नाही, इंजिन विचारत नाही. मी विचारतो, तुमचं विमान रात्री कोणाच्या शेजारी उभं राहणार? विमान हवेत तासभर असतं, बाकीचा वेळ ते गावात राहतं. आणि गावात राहायचं तर आधी गाववाल्यांना विचारावं, चार पायांच्यांनासुद्धा.

नोकरी पक्की झाली. पुढच्या हंगामात जिनाचा भोंगा वाजला तेव्हा अम्मा चुलीपाशी बसून चहा पीत होती. तिने भोंगा ऐकला, कप खाली ठेवला, आणि आणखी एक कप ओतून घेतला.